जोतिरावांचा उजवा हात

पस्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवताना एक वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. उजवा हात लुळा पडला तरी जोतिरावांनी डाव्या हाताने लिहायचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. जयंतीला म्हणायचे, पुण्यतिथीला म्हणायचे. मग मुलांना सांगायचे, काढा वह्या आणि डाव्या हाताने आपापलं नाव लिहा. वर्गात हसाहशी व्हायची. अक्षरं वेडीवाकडी, कुणाचं नाव उलटं, आणि एखादा डावखुरा पोरगा सगळ्यांच्या आधी झकास नाव लिहून ऐटीत बसलेला. तास रंगायचा.

त्या वाक्यातला उजवा हात मात्र सुरुवातीलाच लुळा पडायचा आणि वाक्यातून निघून जायचा. त्याचं पुढे काय झालं, असं एकाही मुलाने कधी विचारलं नाही. मलाही कधी सुचलं नाही. ते सुचायला माझा स्वतःचा उजवा हात जावा लागला.

पण आधी १८८८ साल नीट बघू, कारण शिकवताना मी ते घाईने उरकत असे. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतिराव तिथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि इथे जमलेली दागदागिन्यांची माणसं म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, असं सुनावून आले. ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात त्यांचा मोठा सत्कार झाला, ‘महात्मा’ ही पदवी मिळाली. आणि जुलैमध्ये पक्षाघात. वय ६१. उजवं अंग गेलं. हारतुऱ्यांना पुरते दोन-तीन महिनेही झाले नव्हते. उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. ते पुण्यातले नामांकित शस्त्रवैद्य आणि सत्यशोधक समाजातले जोतिरावांचे सहकारी. पण कितीही निष्णात डॉक्टर असला तरी १८८८ साली त्याच्या हातात होतं काय? मेंदूच्या डाव्या भागात इजा झाली की उजवं अंग जातं आणि बऱ्याचदा वाचाही जाते, एवढं ठाऊक होतं. पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी वाचेची जागा १८६१ मध्ये दाखवून दिली होती. डोक्याच्या आतलं चित्र दाखवणारं सीटी स्कॅन पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं १९७१ मध्ये, इंग्लंडात. मेंदूतली गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये. आणि व्यायाम करून घेणाऱ्यांचं म्हणाल, तर लंडनच्या चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांची संस्था काढली ती १८९४ मध्ये, जोतिराव गेल्यानंतर चार वर्षांनी. तिथूनच पुढे तिकडचा फिजिओथेरपीचा पेशा उभा राहिला. आपल्याकडे तो यायला १९५० चं दशक उजाडलं. मुंबईत पोलिओने लुळी पडलेली मुलं डोळ्यांसमोर होती, त्या काळात केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था निघाली.

आयुर्वेदात पक्षाघात जुनाच. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा २८ वा अध्याय वातव्याधींचा आहे. पक्षाघाताला तिथे स्नेहन, स्वेदन आणि विरेचन सांगितलं आहे; म्हणजे तेल, शेक आणि जुलाब. आमच्या भागात पक्षाघात हा शब्द कुणी वापरत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, झुळूक येते तसं काहीतरी येऊन माणसाला चाटून जात असावं. वात म्हणजेच वारं, हे कळायला संस्कृतच्या तासापर्यंत थांबावं लागलं. वाऱ्यावरची औषधंही गावोगाव. कुणी महानारायण तेल सांगतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. मला दोन्ही सांगून झाली. तेल लावलं. कबुतरं वाचली.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी चहा गाळताना हातातून गाळणी निसटली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. ह्यांना हाक मारली ती तोंडातून वाकडी आली. आणि आम्ही काय केलं? ‘थोडं पड, बरं वाटेल’ म्हणून मी पडले. दुपारी बाराला दवाखान्यात पोचलो. त्या गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला पहिल्या साडेचार तासांचीच मुदत असते. ती आम्ही सावेडीतल्या आमच्या पलंगावर घालवली. त्याआधी आठवडाभर रक्तदाबाची गोळीही घेतली नव्हती. चूक सर्वस्वी आमची. नात्यातल्या मंडळींनी हा परिच्छेद तरी दोनदा वाचावा, म्हणून लिहिते आहे.

बोलणं दहा-बारा दिवसांत सुधारलं. पाय महिन्याभरात काठीवर उभा राहिला. हात मात्र मांडीवर पडून राहिला, पाहुण्यांनी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. आणि मी, जन्मभर जोतिराव शिकवलेली बाई, घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी नातीची जुनी पाटी मागवून घेतली आणि डाव्या हातात पेन्सिल धरली. दोन महिन्यांत बाराखडी वाचता येण्याजोगी झाली. तिसऱ्या महिन्यात पुण्याला नातीला अर्धं पान पत्र लिहिलं. भेटायला येणारा प्रत्येक जण ते अक्षर बघून म्हणायचा, ‘शोभता खऱ्या बाई!’ मी खूश. डाव्या हाताने जेवण, डाव्या हाताने वेणी (ती ह्यांनाच बांधावी लागे, पण प्रयत्न माझा), डाव्या हाताने पूजासुद्धा. देवाने काही म्हटलं नाही.

चौथ्या महिन्यात फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायला लागली. पंचविशीची, विळद घाटातल्या कॉलेजात शिकलेली. तिची आई माझी विद्यार्थिनी, म्हणून तीही मला बाईच म्हणते. माझं डाव्या हाताचं लेखन तिने कौतुकाने पाहिलं आणि म्हणाली, “बाई, डावा फारच हुशार झालाय. त्यालाच आता थोडा बांधून ठेवू या.”

मला वाटलं थट्टा करते आहे.

तिने समजावलं ते असं. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते. एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या की माकड तो हात वापरणं सोडून देई. हात हलू शकत असे, तरीही. चांगला हात बांधून टाकला की तोच टाकून दिलेला हात माकड पुन्हा वापरू लागे. (त्या माकडांच्या हालांवरून १९८१ मध्ये मोठं वादळ उठलं, टाउबवर खटलाही चालला. मला त्या माकडांचं ऋण वाटतं आणि लाजही वाटते.) म्हणजे सुरुवातीला हात चालत नाही म्हणून आपण तो वापरत नाही. पुढे मेंदूतली सूज उतरते, थोडी ताकद परत येते, पण तोपर्यंत न वापरायची सवय पक्की झालेली असते. एका हाताचं हुशार होणं दुसऱ्याला महागात पडतं. टाउबने पुढे माणसांसाठी पद्धत बसवली. चांगल्या हातात जाड मोजा, जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि रोज काही तास दुबळ्या हाताकडून कामं. अमेरिकेत २२२ रुग्णांवर तिची चाचणी झाली, निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि फायदा दिसला. अट एकच. मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यायला हवीत. माझी उचलत होती. मी बघितलंच नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पस्तीस वर्षं सांगितलेली गोष्ट माझ्याच अंगावर उलटली होती.

आमच्याकडे ओव्हन नाही, तेव्हा ओव्हनचा मोजाही नाही. ह्यांचा थंडीतला लोकरी पायमोजा माझ्या डाव्या हातात चढला. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. चालताना आणि गॅसजवळ मोजा काढायचा, ही ताकीद. तोल गेला तर चांगला हात मोकळा पाहिजे. मग सगळा दिवस उजव्याच्या मागे. दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी. ज्वारीच्या परातीत चिंचोके पुरून ठेवायचे आणि न बघता बोटांनी शोधायचे. कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीवर लावायचे, काढायचे. टेबलावर फडकं ठेवून तळव्याने पुढे ढकलायचं. शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. प्रत्येक गोष्ट शेकड्याने.

पुस्तकात वाचायला हे सोपं आहे. घरात ते फार कंटाळवाणं असतं, आणि कंटाळ्याबद्दल कुणी बोलत नाही. पायावर उभं राहिले तेव्हा टाळ्या पडल्या. एकशे चाळिसावा शेंगदाणा वाटीत पडतो तेव्हा समोर फक्त हे असतात आणि ते पेपर वाचत असतात. हे एसटीत होते, त्यांना मोठ्याने मोजायची सवय. ‘अठ्ठावीस... अगं, तो नाही धरायचा, पडला तो.’ एके दिवशी मी ती वाटी भिरकावली. डाव्या हाताने, मोज्यासकट. ते म्हणाले, तुला बरंच व्हायचं नाहीये. मी तीन आठवडे काही केलं नाही. नुसती रडायचे, टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीलासुद्धा. या आजारानंतर अनेकांना असं नैराश्य येतं आणि त्यालाही औषध असतं, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. नंतर त्यांनी मोजणं मनातल्या मनात सुरू केलं. ओठ हलायचे तेवढे.

या तीन वर्षांत दवाखान्याच्या बाकावर पुष्कळ ‘वारं गेलेली’ माणसं भेटली. पाथर्डीकडचा एक ऊसतोड मुकादम होता. त्याचाही उजवाच. घरी कप्पी नाही, चिमटे नाहीत. त्याने कोयत्याचं पातं काढून नुसती मूठ धरायचा सराव केला. बायको टोळीबरोबर कारखान्यावर गेलेली, घरी म्हातारी आई. करून देणारंच कुणी नाही, तेव्हा दुबळ्या हाताला कामाला लागण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याची मूठ माझ्याआधी आवळायला लागली. माझ्या घरी प्रेमाने भरवणारे फार होते, हे मला तेव्हा टोचलं. एक बाई होत्या, त्यांचा हात कधीच परत आला नाही. त्यांनी आमच्यापेक्षा जास्त व्यायाम केला होता. हेही सांगितलं पाहिजे. इजा कुठे आणि किती, यावर फार काही ठरतं, आणि ते मेहनतीने बदलत नाही.

घरच्यांनी करून घेतलेल्या व्यायामाचा उपयोग किती? पॅट्रिशिया नील या अमेरिकन नटीला १९६५ मध्ये एकामागून एक झटके आले. नवरा लेखक रोआल्ड डाल. इंग्लंडातल्या त्यांच्या खेड्यातले शेजारी पाळ्या लावून येत, तासन्तास तिला बोलायला, वाचायला शिकवत. १९६८ मध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. ही गोष्ट मी ह्यांना उत्साहाने सांगितली. मग आमच्या मुलाने दुसरी बाजू पाठवली. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १२५० रुग्ण घेऊन एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. निम्म्यांच्या घरच्या माणसाला शिकवून घरी व्यायाम करून घेतले, निम्म्यांचं नेहमीप्रमाणे. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्हीकडे सारखंच, ४७ टक्के. वाचून हे गप्प झाले. मीही झाले. मग परातीत ज्वारी ओतून घेतली. त्यांनी मोजलं होतं ते मरण आणि परावलंबन. माझी अडचण त्याहून पुष्कळ लहान होती.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले आणि खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवून त्यांनी ते घराघरांत पोचवलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतपण आणि लहान मुलांचे आजार जर गावातली बाई सांभाळू शकते, तर चिंचोक्यांची परातही सांभाळू शकेल, असं मला फार वाटतं. आज लोणीत आणि विळद घाटात फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, दरवर्षी मुलंमुली शिकून बाहेर पडतात. पण पाथर्डीच्या मुकादमाला एसटीने येऊन-जाऊन एक दिवस मोडतो. असो.

तर जोतिराव चुकले का? हा प्रश्न मी त्या मुलीला विचारला. ती कप्पीची दोरी सोडवत होती. म्हणाली, “बाई, त्यांना पुस्तक पुरं करायचं होतं. तुम्हाला काय पुरं करायचंय?”

मी हिशेब मांडून बघितला. जुलै १८८८ ते २८ नोव्हेंबर १८९०, म्हणजे दोन वर्षं चार महिने. तेवढंच आयुष्य उरलं होतं. पैशाची ओढाताण इतकी, की १८९० मध्ये मामा परमानंदांना सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी पत्र लिहावं लागलं. पुस्तक १८८९ मध्ये लिहून झालं आणि १८९१ मध्ये, ते गेल्यावर, मुलगा यशवंत यांनी प्रसिद्ध केलं. उजव्या हाताची वाट बघत बसले असते तर ते राहिलंच असतं. डोकं शाबूत, भाषा शाबूत, आणि दिवस थोडे. त्यांनी चालता हात उचलला. त्यांच्यासाठी डावा हात हा व्यायाम नव्हताच, ते काम होतं. मी मात्र त्यांचं काम माझा व्यायाम म्हणून उचललं. चूक झाली ती नक्कल करताना.

मला काय पुरं करायचं होतं, ते नोव्हेंबरात कळलं. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. सही करायची होती. डाव्या हाताने केली. माझं ते सुबक, पत्रातलं डावं अक्षर. समोरच्या मुलाने जुनी सही काढली, दोन्ही बघितल्या आणि अगदी सौजन्याने म्हणाला, “आजी, जुळत नाही. अंगठा द्या ना, सोपं पडेल.” आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

त्याचा काही दोष नव्हता. पण १९९० च्या दशकात साक्षरता मोहिमेत रात्री कंदील घेऊन मी बायकांना सही शिकवली आहे. खडूने बोटं धरून. ‘अंगठा नाही उठवायचा आता’ म्हणून. पहिली सही करताना एक आजी इतकी थरथरली होती की कागद फाटला. आणि हे सगळं ज्या नगर शहरात, तिथेच मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतिरावांनी पाहिली. मित्र सदाशिव गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते, त्यांच्याबरोबर. ती पाहून पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही इथेच, फरारबाईंकडे. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं, माझ्या तोंडी अजून नगरच येतं. त्या नगरात मी अंगठा उठवला. डाव्या हाताचा. शाई पुसायला उजवा हात वर आला नाही, ह्यांनी रुमालाने पुसली. रिक्षात आम्ही दोघंही बोललो नाही.

तेव्हापासून परातीनंतर पाटी असते, उजव्या हातात. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड केली आहे. सुरुवातीला तीन महिने नुसत्या उभ्या रेघा. मग ह्यांनी जुन्या सेवापुस्तकातली माझी सही मोठी करून आणली, ती समोर ठेवून गिरवायची. पहिलीतल्या मुलासारखी. मोजा डाव्या हातात. घरातलं लिहिणं, किराणाची यादी, नातीची पत्रं हे सगळं दुपारी, मोजा काढल्यावर डावा हात करतो. त्याच्यावर आता माझा राग नाही. हे टंकनही त्यानेच केलं आहे, एका बोटाने, चार दुपारी.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा बँकेत गेलो. तोच मुलगा होता. उजव्या हाताने सही केली, पाच मिनिटं लागली, मागे रांग. त्याने जुनी सही काढली. बराच वेळ बघितलं. नावापर्यंत जुळतंय म्हणाला, आडनावात गडबड आहे. पुन्हा करून घेतली, तिसऱ्यांदा करून घेतली. मग साहेबांकडे गेला, आणि शेवटी नवीन नमुना सही घेऊ असं ठरलं. ती केली.

आडनावातला रफार अजून अक्षरावर बसत नाही, उजवीकडे घसरतो. ती मुलगी म्हणते मनगट अजून मागे वळत नाही, म्हणून. पाटीवर सध्या रोज पन्नास रफार चालू आहेत.